मशीन गळतं, पण नेमकं कधी?

प्रश्न : आमच्याकडे पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन सहा वर्षांपासून आहे. यंदा नवरात्रापासून दाराच्या खालून पाणी गळायला लागलंय. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. कधी लादी नुसती ओली होते, तर कधी ओघळ थेट चोकडीपर्यंत जातो. मेकॅनिक म्हणतो, रबर बदला. शेजारच्या बेन म्हणतात, पावडर बदला. सासूबाई म्हणतात, वर तोंड असलेलं मशीन घेतलं असतंत तर हा प्रश्नच आला नसता. तिघांत खरं कोण? आणि एक आपलं कुतूहल : ज्यात पाणी भरायचं त्या यंत्राला पुढून दार ठेवायची बुद्धी कुणाला झाली?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : सुरुवात सासूबाईंपासून करू. मान त्यांचा, शिवाय तुमच्या कुतूहलाचं उत्तर त्यांच्या टोमण्यातच आहे. वर तोंड असलेल्या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडवून घुसळतात, ताक घुसळावं तसे. त्याला पाणी भरपूर लागतं. आडव्या पिंपाची रीत निराळी. पिंप फिरताना कपडे वर उचलले जातात आणि तळाच्या थोड्याशा पाण्यात धप्पकन आपटतात. घाटावर परीट दगडाशी जे करतो तेच. कपडे बुडायची गरज नसल्यामुळे पाणी बरंच वाचतं, आणि आडव्या पिंपात कपडे घालायला पुढून दार सोयीचं पडतं. 1937 साली अमेरिकेत बेंडिक्सने घरगुती स्वयंचलित मशीन बाजारात आणलं, ते असंच पुढच्या दाराचं होतं. पिळताना ते इतकं हादरायचं की त्याला बोल्टने जमिनीला जखडावं लागे.

आजचं मशीन जखडावं लागत नाही, कारण आतली टाकी वरून स्प्रिंगांवर टांगलेली आणि खालून शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर टेकवलेली असते. हादरते ती टाकी, बाहेरचा पत्र्याचा डबा जागेवर उभा. आता हलणारी टाकी आणि न हलणारा डबा यांना पाणी न गळता जोडायचं कसं? त्यासाठी दारातली ती करड्या रंगाची, घडी असलेली रबरी कडी. पेटीच्या भात्यासारखी ती दर फेऱ्याला दबते, ताणते, पुन्हा जागेवर येते. (ज्या शहरात 1886 पासून गायनशाळा आहे तिथे पेटीचा भाता समजावून सांगायला नको.) मेकॅनिक तिला गास्केट म्हणतो. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत देणारा कोश सयाजीराव महाराजांनी 1931 साली काढला होता, पण राज्यकारभाराला गास्केट लागत नसल्यामुळे आपल्याला त्याची मदत नाही. आपण रबरच म्हणू.

दार बंद केलं की काचेचा फुगीर वाडगा या रबराच्या ओठावर दाबून बसतो. एवढाच काय तो बंदोबस्त. आणि गंमत म्हणजे धुताना पाण्याची पातळी दाराच्या खालच्या काठाच्या बरीच खाली असते. काचेतून बघा, पाणी तळाशी चुबुकचुबुक करताना दिसेल. रबराला धरण व्हावं लागत नाही, फक्त उडणारे शिंतोडे परत टाकीत लोटायचे असतात. ज्या पाण्याने काठाला शिवायचंही नाही ते बाहेर येतंय, तर त्याला वर चढवलं कुणी, हा खरा प्रश्न.

तुमच्या पत्रातले दोन शब्द मला सगळ्यांत बोलके वाटले : ‘रोज नाही’. फाटलेलं रबर वार बघून गळत नाही. म्हणून माझा पहिला संशय पावडरीवर आहे, आणि बेन जिंकायची शक्यता जास्त.

बादलीत कपडे भिजवायची साधी पावडर मुद्दाम फेसाळ केलेली असते, कारण फेस दिसल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही. आडव्या पिंपात तोच फेस शत्रू. कपड्यांची आपटाआपटी थोड्या पाण्यात चालू असते, त्यामुळे फेस झपाट्याने फुगतो, पाण्याच्या कितीतरी वर चढतो आणि रबराच्या ओठाशी जिथे बारीकशी फट मिळेल तिथून बाहेर सरकतो. बाहेर आला की विरतो आणि लादीवर उरतं ते नुसतं पाणी. म्हणून ‘फेस गळाला’ असं कुणी म्हणत नाही, ‘पाणी गळालं’ म्हणतात.

मग तीच पावडर, तोच चमचा, आणि गळती मात्र दोन-तीन दिवसच, असं का? इथे बडोद्याचं पाणी मध्ये येतं. आजव्याच्या तलावाचा पाया 1885 मध्ये घातला गेला आणि 1892 मध्ये ते पाणी नळाने शहरात आलं. तलावात साठलेलं पावसाचं पाणी, म्हणजे तसं हलकं. पुढे शहर वाढलं तशा महीच्या पात्रात विहिरी झाल्या आणि ते पाणीही आलं. त्यात आता बहुतेक सोसायट्यांचा स्वतःचा बोअर. बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार पावडरीची बरीच ताकद आधीच खाऊन टाकतात, फेस येत नाही, आणि आपण आणखी अर्धा चमचा घालतो. हात त्या मापाला सरावतो. मग ज्या दिवशी टाकीत महानगरपालिकेचं पाणी जास्त आणि बोअरचं कमी, त्या दिवशी तेच माप दुप्पट होऊन बसतं. तुमच्या सोसायटीत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं का, हे वॉचमनला विचारा. बोअरची मोटर कधी चालते ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

उपाय साधा. फ्रंट लोडसाठी असं स्पष्ट लिहिलेली कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड आणा आणि माप निम्म्यावर आणा. कपडे काही मळके राहत नाहीत. मशीनमध्ये मात्र जुनी पावडर इतकी साठलेली असते की पहिले काही दिवस पावडर न घालताही फेस येतो. म्हणून एकदा मशीन रिकामं, 60 अंशांवर चालवून घ्या. त्याआधी ड्रममध्ये 100 ग्रॅम लिंबूफूल टाका. हो, खमणात घालतो तेच. क्षाराचा पांढरा थर त्याने सुटतो. वर्षातून दोन-तीनदा पुरे, आणि त्याच वेळी ब्लीच कदापि घालू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

पण तुम्ही ‘नवरात्रापासून’ असंही लिहिलंय, आणि तो धागा सोडून चालणार नाही. माझ्या घरी दोन वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं. आलेल्या कारागिराने दार उघडलं, रबराकडे दुरून पाहिलं आणि ‘बदलावं लागेल’ म्हणून तो मोकळा झाला. तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन खाली बसलो. रबराची खालची घडी बोटांनी आपल्याकडे ओढली की आत एक पन्हाळ दिसते, आणि घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी दोन-तीन बारीक भोकं. घडीत साचलेलं पाणी त्यांतून टाकीत परत जातं. माझ्या पन्हाळीत काय निघालं? दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन, चणियाचोळीवरून निखळलेले तीन आभले आणि गरब्याच्या पासाची मनगटावर बांधायची पट्टी. सगळ्यावर धाग्यांचा आणि साबणाचा करडा चिखल. पट्टी बरोबर भोकांवर आडवी पडली होती. पाणी परतायला वाट नाही, म्हणून घडी भरून ते दाराकडून ओसंडत होतं. जुना टूथब्रश, ओलं फडकं आणि दहा मिनिटं. त्यानंतर थेंब नाही. रबर अजून तेच आहे.

नऊ रात्री मैदानात फिरलेली चणियाचोळी मशीनमध्ये टाकायचा मोह होतो, कळतं. पण आभले, घुंगरू, धातूची टिकली हे सगळं त्या रबरावर दर फेऱ्याला घासत असतं. हाताने धुवा, नाहीतर उलटी करून जाळीच्या पिशवीत घालून. परकराची नाडी, ओढणीचं टोक, लहान मुलाचा मोजा हेही दारात अडकतात. काच आणि रबर यांच्यामध्ये एक धागा आडवा आला तरी तिथून वात लावल्यासारखं पाणी झिरपतं. जाड गोधडीचं दुखणं वेगळं : भिजून फुगली की ती काच आतून बाहेर रेटते.

आता तपासायचं कसं ते सांगतो. मशीनच्या पुढची लादी कोरडी करा, जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि स्टूल घेऊन पूर्ण वेळ बसा. एक रविवार जाईल. पहिला ओला डाग कुठे पडला यापेक्षा तो केव्हा पडला ते लिहून ठेवा. पाणी भरतानाच ओघळ आला तर दाराचा संबंध नसतो. वरचा पावडरीचा खण तुंबलेला असतो किंवा पंपामुळे नळाला दाब जास्त असतो, आणि पाणी पत्र्यावरून उतरत दाराशी येतं. धुताना गळलं तर फेस, पन्हाळ किंवा ओठ. पाणी सोडताना नाहीतर पिळताना, तेही अगदी खालून, आलं तर खालच्या कोपऱ्यातल्या फिल्टरची झाकणी बघा. ती साफ केल्यावर अर्धवट आवळली जाते आणि नाव दाराचं होतं. मशीन बंद आहे, नळ चालू आहे, तरी ड्रममध्ये पाणी चढतंय असं दिसलं तर पाणी घेणारा व्हॉल्व्ह गेला. त्याला कारागीरच हवा. काम झाल्यावर घडीत चमचाभर पाणी राहतं, ती गळती नव्हे. पुसून घ्या आणि दार किलकिलं ठेवा, नाहीतर काळी बुरशी धरते.

ओघळ चोकडीपर्यंत जातो असं लिहिलंत, म्हणजे मशीन मागच्या वॉश एरियात आहे असं धरतो. तिथली लादी चोकडीकडे उतरती केलेली असते. पाण्यासाठी योग्य, मशीनसाठी नाही. मशीन पुढे झुकलं की टाकीतलं पाणीही दाराकडे झुकतं. पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला मशीनवर ठेवा, लगेच समजेल. पुढचे पाय फिरवून उंच करा आणि त्यांचे नट आवळा. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवू नका. ती भिजते आणि महिनाभरात परत झुकाव.

आणि उंदीर. पावसाळ्यात ते खालून आत शिरतात आणि रबर, पाईप, वायरी काहीही कुरतडतात. गणपतीच्या वाहनाचा हा पराक्रम वॉरंटीत सहसा बसत नाही. खाली जाळी बसवून घ्या.

एवढं करूनही रोज, प्रत्येक धुलाईला, त्याच जागेवरून गळत असेल तर मेकॅनिकचं खरं. रबर ताणून नखाने चाचपा, चीर सापडेल. तिच्यावर सायकलचं पंक्चर काढायची पट्टी, एम-सील, सिलिकॉन लावणारे मी पाहिलेत. भाता रोज ताणला जाणार, लेप किती दिवस टिकेल? रबर बदलायचं तर मशीनच्या मॉडेल नंबरचंच घ्या. बसवताना तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका, त्याने हे रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. पन्हाळीची भोकं खाली आली आहेत ना, ते कारागीर असतानाच पाहा. जुनं रबर आणि बिल मागून घ्या. बिल द्यायला कुणी कुरकुर केली तर ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधीची. लादी ओली असताना अनवाणी जाऊन मशीनला हात लावू नका. आधी बोर्डावरचं बटण, शक्य तर मेन स्विच, मग नळ. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांची मशीनं बुडाली त्यांच्यापैकी कुणी अजून ते तसंच ठेवलं असेल, तर इलेक्ट्रिशियनने मोटर आणि अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नये. त्या मशीनच्या रबराच्या घडीत गाळ असणारच, पण तो नंतर काढता येतो.

तेव्हा निकाल असा : बेनना शंभरातले साठ, मेकॅनिकला तूर्त दहा, आणि सासूबाईंना बाकीचे तीस, कारण वर तोंड असलेलं मशीन खरंच दारातून गळत नाही. येत्या रविवारी वर्तमानपत्रं पसरून बसा आणि पन्हाळीत काय निघालं ते कळवा. तोवर रबर विकत घेऊ नका.