बाळाचं डोकं एका अंगानं बसलं, तर हेल्मेटसाठी कर्ज काढायचं का?



या वेळचा आरोग्याचा पाठ बाळाच्या डोक्यावर आहे. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला न्हाऊ घालताना वरून बघितलं, तर काही बाळांचं डोकं मागून चपटं किंवा एका अंगानं बसकं दिसतं. मग सल्ले सुरू होतात. राईची उशी करा, चुंबळ ठेवा, तेल लावून दाबून गोल करा. आता मोबाईलमुळे त्यात एक नवा सल्ला आलाय, हेल्मेटचा. गाडीवरचं नव्हे, बाळाच्या डोक्याचं माप घेऊन बनवलेलं.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत त्यासाठी अंतर्गत कर्जाची मागणी आली. एका मावशींना नातीसाठी हेल्मेट घ्यायचं होतं आणि सांगितलेला आकडा गटाच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठा होता. मावशींचं म्हणणं एवढंच, "पोरीची जात आहे, उद्या कुणी डोस्क्याला नाव ठेवलं तर?" बैठकीत कुणी हसलं नाही. आपल्याकडे पोरीला काय काय ऐकावं लागतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण पैसे उचलायच्या आधी डोकं चपटं का होतं ते समजून घेऊ.

बाळाच्या कवटीची हाडं जन्मताना एकमेकांना घट्ट जुळलेली नसतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात आणि वर मऊ टाळू असते. म्हणूनच बाळंतपणात डोकं दबून बाहेर येऊ शकतं. जन्मल्यावर लांबट दिसणारं डोकं थोड्याच दिवसांत आपोआप जागेवर येतं. शिवणी मोकळ्या ठेवण्याचं दुसरं कारण मेंदूची वाढ. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटीमीटर असतो, वर्षाचं होईपर्यंत तो ४५-४६ होतो. एवढ्या झपाट्यानं वाढणारं मऊ डोकं रोज एकाच बाजूवर टेकलं, तर त्या बाजूला वाढायला जागा मिळत नाही आणि दुसरीकडे फुगतं. ओला माठ एका अंगावर ठेवला तर बसतो, तसंच. अशा बसण्यानं मेंदूला इजा होत नाही, बुद्धी कमी होत नाही.

म्हणून बाळाला पालथं झोपवावं का? अजिबात नाही. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की बाळाला पालथं झोपवू नका. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणारी बाळं निम्म्यावर आली. चपटी डोकी मात्र जास्त दिसायला लागली. हा सौदा फायद्याचाच आहे. तेव्हा झोपवायचं पाठीवरच, उशीशिवाय. राईची उशी आणि चुंबळसुद्धा नको. तोंड त्यात रुतलं तर एवढ्याशा जिवाला मान सोडवता येत नाही.

खरं काम बाळ जागं असताना करायचं आहे, आणि त्यातलं अर्धं आपल्या जुन्या बायका करतच आल्यात. न्हाऊ घालणारी मावशी पाय लांब करून बाळाला पायावर पालथं घालते ना? डॉक्टर सांगतात तेही हेच. फक्त ते दिवसातून एकदा न्हाणीत करून भागत नाही. घट्ट अंथरलेल्या गोधडीवर किंवा आपल्या छातीवर बाळाला पालथं घाला. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, मग सवय होईल तसं वाढवत न्या. दूध पाजल्या पाजल्या नको, आणि कुणीतरी समोर बसलेलं हवंच. रडलं तर उचला, थोड्या वेळानं पुन्हा घाला. यानं मान आणि खांदे बळकट होतात. बाळ मान फिरवायला लागलं की डोकं एका जागी टेकून राहत नाही.

दुसरं, बाळ उजेडाकडे आणि माणसांकडे बघतं. पाळणा भिंतीला लागून असेल तर ते दाराकडेच तोंड करून पडणार. आज डोकं इकडे, उद्या तिकडे, असं पाळण्यात निजवायचं बदला. कडेवर घेतानाही बाजू बदला, आपली सवय एकाच कडेची असते. तेल लावून टाळू भरायला कुणाची ना नाही, पण हलक्या हातानं. हाड दाबून आकार येत नाही, इजा मात्र होऊ शकते.

आता हेल्मेट. ते डोकं दाबत नाही. फुगलेल्या बाजूला टेकतं आणि बसक्या बाजूला जागा मोकळी सोडतं, म्हणजे वाढ तिकडे वळते. दिवसाचे २३ तास, कित्येक महिने घालावं लागतं. डोकं वाढेल तसं पुन्हा पुन्हा शहरात जाऊन ते दुरुस्त करून घ्यायचं. आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात ते बाळ काय करेल, तुम्हीच सांगा. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना सहा महिने हेल्मेट घातलं, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्हीकडच्या डोक्यांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. साधारण चारातल्या एकाचं डोकं पूर्ण नीट झालं, हेल्मेट घालूनही आणि न घालूनही. घामोळं, त्वचा लाल होणं, वास येणं ही तक्रार हेल्मेटवाल्यांकडे वेगळीच. फार जास्त बसलेली डोकी त्या अभ्यासात नव्हती, अशा बाळांचं डॉक्टरच ठरवतील. पण साध्या बसक्या डोक्यासाठी गटाचं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण "आपोआप होईल" म्हणून थांबायचं नाही, अशाही काही गोष्टी आहेत. बाळ मान एकाच बाजूला वळवतं, दुसरीकडे वळवली की रडतं. चार महिने झाले तरी मान धरत नाही. टाळू फार लवकर बुजली किंवा शिवणीवर बोटाला कडक उंचवटा लागतो. डोकं जन्मापासून होडीसारखं लांब-अरुंद आहे आणि जास्तच होतंय, किंवा घेर वाढतच नाही. यात काही वेळा शिवण वेळेआधी जुळलेली असते. त्याला पालथं घालून उपयोग नाही, शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती पहिल्या वर्षात झालेली बरी.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, पुढे तिसऱ्या महिन्यापासूनही भेटी असतात. त्यांना डोकं वरून दाखवा, घेर मोजायला सांगा आणि कार्डावर लिहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यातले डॉक्टर गरज वाटली तर जिल्हा रुग्णालयाला चिठ्ठी देतात. त्या मावशींच्या गटानं हेच ठरवलं. कर्ज नाकारलं नाही, आधी तपासणी करायची म्हणून थांबवून ठेवलं. तपासणीत नातीची मान एका बाजूला आखडलेली निघाली. आता सून रोज शिकवलेला व्यायाम करून घेते आणि मावशी समोर खुळखुळा वाजवत बसतात.

कळंब, वाशी, भूम, परंडा भागातल्या ज्या ताई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आहेत, त्यांना वेगळं सांगते. फडाच्या कडेला बाळ दिवसभर झोळीत असतं, आणि झोळीत डोकं एकाच अंगावर कलतं. दर वेळी पाजायला घेतलं की परत ठेवताना बाजू बदला. संध्याकाळी कोपीवर आल्यावर थोडा वेळ मांडीवर पालथं घाला. मोठी लेक सांभाळत असेल तर तिलाही हे दाखवून ठेवा. निघण्याआधी आशाताईंकडून डोक्याचा घेर मोजून घ्या आणि कार्ड सोबत ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात पुढचं माप त्याच्याशी ताडून बघता येईल.