नाव, गाव आणि मिती

अठराव्या शतकातील मराठी कारभारी मंडळी पत्रे फार लिहीत. सैन्याचा मुक्काम कोठे पडला, दाणावैरण किती उरली, कोणता सरदार रुसला, कोणत्या सावकाराचे देणे थकले, हे सारे ते मोडी लिपीत भरभर लिहून जासुदाच्या हाती देत. पत्रात 'छ' हे अक्षर घालून त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख लिहिण्याची त्या काळी चाल होती. परंतु पुष्कळ पत्रांवर वर्ष मात्र नसे. लिहिणाराला वर्ष ठाऊक होते, वाचणारालाही ठाऊक होते. मग ते लिहावयाचे कशाला? आपले पत्र दीडशे वर्षांनी कोणी तिसराच मनुष्य उघडून बसेल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

तो तिसरा मनुष्य म्हणजे इतिहाससंशोधक. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांतील पत्रे छापण्यास १८९८ साली आरंभ केला. मोडी अक्षर लावणे हे कष्टाचे काम खरे; पण त्याहून अवघड काम म्हणजे वर्ष नसलेल्या पत्राचे वर्ष ठरविणे. समजा, एखाद्या पत्रावर 'छ १० रमजान' एवढेच आहे. मुसलमानी वर्ष चांद्र असल्यामुळे ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून रमजानचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून एक फेरा पुरा करतो. पत्रात ज्वारीची कापणी चालू असल्याचा उल्लेख सापडला, की त्या ३३ वर्षांपैकी तीन-चार वर्षेच उरतात. वार दिलेला असेल, तर जंत्रीशी ताडून पाहता त्यांतीलही काही गळून पडतात. एखाद्या सरदाराच्या मृत्यूची वार्ता त्यात निघाली, तर वर्ष नक्की हाती येते. चार अंक लिहिण्याचा आळस झाला आणि त्यापायी विद्वानांचे दिवसच्या दिवस खर्ची पडले! बरे, वर्ष चुकीचे ठरले तर केवळ आकडा चुकतो असे नाही. आधीची गोष्ट नंतरची होते, कारणाचे कार्य होते आणि कोणा निरपराध माणसाच्या माथी भलताच दोष येतो.

पत्रातील मजकूर ही माहिती. आणि ते कोणी, कोणास, कोठून व केव्हा लिहिले, ही त्या माहितीविषयीची माहिती. संगणकाच्या व्यवहारात या दुसऱ्या प्रकाराला 'मेटाडेटा' म्हणतात. नाव नवे आहे, वस्तू जुनी आहे. ग्रंथालयातील पुस्तकाच्या नोंदीचे कार्ड हा मेटाडेटाच होय. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतील चौथा. हजारो पुस्तकांच्या गर्दीत हवे ते पुस्तक दोन मिनिटांत हाती येते, ते कपाटांच्या कृपेने नव्हे, तर नोंदीच्या कृपेने.

आता पुस्तकांप्रमाणेच संकेतस्थळांवरही मजकूर प्रसिद्ध होतो. पडद्यावर पान क्षणात उमटते, म्हणून ते क्षणात तयार होत असावे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः चांगल्या संकेतस्थळाचे पान बऱ्याच हातांखालून जाते. रायगड किल्ल्यावरील एका लेखाचेच उदाहरण घ्यावे. प्रथम लेखक लेख लिहितो. संपादक त्यातील प्रत्येक विधानाला आधार काय, हे विचारतो. मुद्रितशोधक शुद्धलेखन तपासतो आणि राज्याभिषेकाचे १६७४ हे साल नजरचुकीने १६४७ असे पडले असेल, तर ते दुरुस्त करतो. कोणी चित्रे निवडतो. ती ज्याने काढली त्याची परवानगी आहे किंवा कसे, हेही त्यालाच पाहावे लागते. ही परवानगीची बाब लहान समजू नये. दुसऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय उचलणे आणि दुसऱ्याच्या झाडाचे आंबे उतरविणे यांत फारसे अंतर नाही.

एवढे झाल्यावर लेख पडद्यावर चढविण्यापूर्वी काही रकाने भरावयाचे असतात: शीर्षक, लेखकाचे नाव, दोन ओळींचा सारांश, विषय, भाषा, प्रसिद्धीचा दिनांक. पुष्कळांना हे काम कंटाळवाणे वाटते आणि घाईची वेळ आली की पहिली कुऱ्हाड याच रकान्यांवर पडते. परंतु त्यांचे महत्त्व शोध घेणाराला विचारावे. 'रायगड' हे किल्ल्याचे नाव आहे, तसेच ते जिल्ह्याचेही आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ साली ते दिले गेले. विषयाच्या रकान्यात 'किल्ला' असे नोंदले नसेल, तर किल्ल्याची वाट विचारणारा विद्यार्थी अलिबागच्या कचेरीत जाऊन उभा राहावयाचा! चित्रांचेही तसेच आहे. कॅमेरा चित्राला 'आयएमजी ००३४' असे काहीतरी नाव देतो. विकिमीडिया कॉमन्स या चित्रसंग्रहात असली अर्थहीन नावे चालत नाहीत. तेथे चित्र देणाराला ते कोणी काढले, कशाचे आहे, केव्हाचे आहे आणि इतरांनी ते कोणत्या अटीवर वापरावे, हे नोंदवावे लागते.

भाषेचा रकाना तर अगदीच अनावश्यक वाटतो. मराठी पान मराठी आहे हे कोणालाही दिसतेच की! पण ज्याला दिसत नाही, त्याचे काय? दृष्टिहीन वाचकासाठी संगणक पान मोठ्याने वाचून दाखवितो. देवनागरी लिपी हिंदीचीही आहे आणि मराठीचीही आहे. पानाच्या पोटात मराठीची खूण नसली, तर संगणक ते हिंदीच्या सुरात वाचू लागतो आणि 'चहा'तील 'च' व 'चमचा'तील 'च' यांतील मराठी भेद पार नाहीसा होतो. त्याचप्रमाणे चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन दिलेले नसेल, तर वाचणारा आवाज नुसते 'चित्र' एवढे म्हणून पुढे जातो. 'महादरवाजा, दोन्ही बाजूंस भक्कम बुरूज' असे पाच-सहा शब्द लिहिले असते, तर त्या वाचकालाही रायगडाच्या दाराशी उभे राहता आले असते.

छापील पुस्तकात चूक राहिली, तर शेवटी शुद्धिपत्र जोडावे लागे. संकेतस्थळावरील चूक तत्काळ सुधारता येते, ही मोठीच सोय आहे. तथापि तीत एक धोकाही आहे. काल जे लिहिले होते ते आज गुपचूप बदलले, तर वाचकाला ते कळावे कसे? यासाठी पान शेवटी केव्हा बदलले, हे लिहिण्याची पद्धत आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाला 'इतिहास' जोडलेला असतो. कोणता शब्द कधी बदलला, कोणत्या खात्यावरून बदलला, हे कोणालाही उघडून पाहता येते. विद्यार्थी लेख वाचतात, इतिहास क्वचितच उघडतात. वास्तविक लेखाइतकाच तोही वाचनीय असतो.

मितीवाचून काय घडते, हे पावसाळ्यात फार तीव्रपणे कळते. कोयना धरणाला सहा वक्री दरवाजे आहेत. 'दरवाजे उघडले आहेत, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे,' एवढाच निरोप एखाद्या रात्री कराडातील एका घरी भ्रमणध्वनीवर येतो. तो आजचा आहे की मागील वर्षाचा? घरात म्हातारी आजी आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत. निरोप जुना असेल, तर भर पावसात सारा बिऱ्हाडबाजला हलविणे व्यर्थ ठरते. आजचा असेल आणि जुना समजून दुर्लक्ष केले, तर जिवावर बेतते. शिवाय एकदा फसलेला मनुष्य दुसऱ्या वेळी खऱ्या निरोपावरही विश्वास ठेवीत नाही. निरोप धाडणाराने दिनांक, वेळ आणि कचेरीचे नाव घातले असते, तर त्या घराला विचार करण्यात रात्र घालवावी लागली नसती.

पुराच्या छायाचित्रांचीही तीच कथा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूर या भागांत हाहाकार केला. त्या वेळचे चित्र आज कोणी 'आताचे' म्हणून पाठविले, तर ओळखावे कसे? भ्रमणध्वनीचा कॅमेरा चित्राच्या पोटात दिवस व वेळ नोंदवितो. स्थाननोंद चालू असेल तर ठिकाणही नोंदवितो. म्हणून आपल्या घरात काढलेले मूळ चित्र अनोळखी माणसाला देताना सावध राहावे. त्यावरून घराचा पत्ता लागू शकतो. परंतु निरोपांच्या साधनांतून चित्र हातोहात फिरू लागले, की ही नोंद बहुधा गळून पडते आणि मागे उरते ते नुसते पाणी. अशा वेळी पारख करणारे लोक चित्रातील दुकानांच्या पाट्या वाचतात, भिंतीवरील जाहिरातीत कोणत्या सालच्या कार्यक्रमाचा उल्लेख आहे ते शोधतात, पूल जुना आहे की नवा बांधलेला हे पाहतात आणि सावल्यांवरून दिवसाचा प्रहर ताडतात. पाटीवरचे एखादे अर्धवट बुडालेले अक्षर लागेपर्यंत ते चित्र मोठे करून पुन्हा पुन्हा निरखीत राहतात.