‘आमच्याकडे असेच बोलतात’ : शिवीगाळ, शिष्टाचार आणि शरीअत

गोदावरीच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे लहानसे गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील ग्रामसभेने एक ठराव संमत केला. गावात जो कोणी आई-बहिणीवरून शिवी देईल, त्याने पाचशे रुपये दंड भरावा. सरपंचांनी वृत्तपत्रांना सांगितलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे होते. दुसऱ्याच्या आई-बहिणीविषयी आपण जे बोलतो ते आपल्या घरातील स्त्रियांनाही लागू होते, याचा शिवी देणाऱ्याला विसर पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य वाचताना मला एक हदीस आठवली. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

वैजापुरात मक्तबमधील मोठ्या मुलांना मी ही बातमी वाचून दाखविली. बहुतेकांना पाचशे रुपयांचेच नवल वाटले. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मात्र म्हणाला, “मौलाना, वो गाली थोडी है. हमारे इधर ऐसाइच बोलते.” मैदानावर दोन जिवलग मित्र एकमेकांना हाक मारतानाही तोच शब्द वापरतात, कोणाला राग येत नाही, कोणाचे मन दुखावत नाही, मग गुनाह कशाचा, असे त्याला विचारायचे होते. प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. शब्दाचा अर्थ आणि त्याचे वजन कोण ठरविते, बोलणारा, ऐकणारा की त्या प्रदेशाची रीत, हा फिक्हमधील जुना आणि गंभीर प्रश्न त्याने नकळत विचारला होता.

प्रथम त्याच्या बाजूचे जे आहे ते मान्य केले पाहिजे. रीत प्रदेशागणिक बदलते, आणि शरीअतही तिची दखल घेते. या रूढ रीतीला फुकहा ‘उर्फ’ म्हणतात. (आपण दोन नावांच्या मध्ये लिहितो तो ‘ऊर्फ’ याच घराण्यातला.) इमाम गजाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात जिभेच्या वीस आपत्तींवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अश्लील बोलण्याची चर्चा करताना ते सांगतात की, सर्वच शब्द सारखे वाईट नसतात. काही अधिक, काही कमी, आणि हा फरक कधी कधी त्या त्या मुलखाच्या प्रथेवर अवलंबून असतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणाकडे मी स्वतः दुर्लक्ष केले होते, आणि त्याची लाज आजही वाटते.

उत्तर प्रदेशातील मदरशातून शिक्षण पूर्ण करून मी नुकताच परतलो होतो. तेथे अनेक वर्षे ‘आप’ आणि ‘जनाब’ यांच्या सहवासात गेली होती. आपल्या तालुक्यातील एका खेड्यात जेवणाचे आमंत्रण होते. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते. घरातील लहान मुलगा ओट्यावरून म्हणाला, “आई, तू पण बस ना जेवायला.” मी सर्वांसमोर त्याला दटावले : आईला ‘तू’ म्हणतोस? हा कुठला अदब? मुलगा गप्प झाला, त्याची आई आत निघून गेली. थोड्या वेळाने त्या घरच्या दादी शांतपणे म्हणाल्या, “मौलाना, आमच्यात आईला ‘अहो’ म्हटलं तर तिला वाटेल, पोरगं रुसलं.”

पुढे मराठी घेऊन पदवीचा अभ्यास करताना त्या वाक्याचे मर्म मला कळले. मराठीत आई ‘तू’ असते, कारण ती सर्वांत जवळची असते. आपण उर्दूत दुआ मागतो तेव्हा अल्लाहला ‘तू’च म्हणतो. अरबीत तर एका व्यक्तीसाठी ‘अन्त’ हे एकच सर्वनाम, समोर गुलाम असो वा खलिफा. सहाबा पैगंबर (स.) यांच्याशी याच भाषेत बोलत. म्हणून सूरह हुजुरातच्या दुसऱ्या आयतीत त्यांना अदब शिकविला गेला तो सर्वनामाचा नव्हे, आवाजाचा : आपला आवाज त्यांच्या आवाजापेक्षा चढवू नका. आई-वडिलांविषयी सूरह बनी इस्राईलच्या २३व्या आयतीत मनाई आहे ती ‘उफ्’ म्हणण्याची, म्हणजे त्रासून केलेल्या उद्गाराची. ज्या मुलाला मी दटावले तो आईला जेवायला बोलावत होता. ‘आप’ म्हणून आईवर खेकसणारे सुपुत्र मी त्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ पाहिले आहेत.

उर्फचा याहून मोठा पुरावा खुद्द हदीसमध्ये आहे. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी प्रवासात पैगंबर (स.) यांना विचारले की, आम्ही जे बोलतो त्याबद्दलही आमची पकड होईल काय? तेव्हा आपण (स.) यांनी उत्तराच्या प्रारंभी एक अरबी वाक्प्रचार उच्चारला. त्याचा शब्दशः अर्थ ‘तुझी आई तुला मुको’ असा होतो. आणि मग सांगितले की, माणसांना तोंडघशी नरकात लोटणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या जिभांनी कापलेले पीकच होय. ही हदीस तिर्मिजीत आहे. पाहा, जिभेच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या वचनातच असा शब्दप्रयोग आला आहे, जो शब्दकोश उघडून पाहिला तर शाप वाटावा. दीनदार स्त्रीशी निकाह करण्याचा उपदेश असलेल्या प्रसिद्ध हदीसच्या शेवटीही ‘तुझे हात धुळीला मिळोत’ अशा अर्थाचे शब्द आहेत. इमाम नववींसारखे भाष्यकार स्पष्ट करतात की, अरबांच्या बोलण्यात हे शब्द केवळ जोर देण्यासाठी किंवा आश्चर्य दाखविण्यासाठी येत. मूळ अर्थ कोणाच्याही मनात नसे. आपल्याकडील आजी नातवाला “मेल्या, इकडे ये” म्हणते, तेव्हा तिच्या मनात मरण नसते, माया असते. कोणी परका भाषांतर करू लागला तर त्याचा थरकाप उडेल.

मुलांना मी येथपर्यंत सांगितले तेव्हा तो प्रश्नकर्ता विजयी मुद्रेने इतरांकडे पाहू लागला.

पण उर्फची सत्ता कोठे संपते, हेही पाहावे लागते. ‘तू’ म्हणावे की ‘आप’, हे बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील प्रकरण आहे. दोघांची रीत एक असेल तर बाधा नाही. ‘मेल्या’ हाही दोघांतलाच व्यवहार. आई-बहिणीवरील शिवीत मात्र तिसरी एक व्यक्ती ओढली जाते. ती त्या मैदानावर नसते. तिने कोणाला दुखविलेले नसते. दोन मित्रांनी एकमेकांना सूट दिली असेल, परंतु तिच्या वतीने सूट देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? स्वतःच्या अब्रूविषयी माणूस क्षमा करू शकतो. आईच्या अब्रूचा तो मालक नाही. ‘कोणाला राग येत नाही’ असे म्हणताना जिला राग येऊ शकला असता, तिला कोणी विचारलेलेच नसते.

सौंदाळ्याच्या बातमीने आठवलेली हदीस ती हीच. बुखारी आणि मुस्लिम दोघांनीही ती नोंदविली आहे. माणसाने स्वतःच्या आई-वडिलांना शिवी देणे हे महापापांपैकी आहे, असे पैगंबर (स.) म्हणाले. सहाबांना ते कल्पनेपलीकडचे वाटले : आपल्याच आई-बापांना कोणी शिवी देईल काय? उत्तर मिळाले की, तो दुसऱ्याच्या बापाला शिवी देतो, मग तो दुसरा याच्या बापाला आणि आईला देतो. म्हणजे परत येणाऱ्या शिवीचा धनीही पहिला बोलणाराच.

हजरत अबू जर (रजि.) यांचा प्रसंग अधिक बोचरा आहे. रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणविले. ती अरब नव्हती. अबू जर हे आरंभीच इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी, थोर सहाबी. तरीही पैगंबर (स.) यांनी त्यांना सुनावले की, तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, आणि लगेच सांगितले की, तुमचे सेवक तुमचे भाऊ आहेत, स्वतः खाल ते त्यांना खाऊ घाला, स्वतः ल्याल ते त्यांना लेववा. आईवरून बोलणे ही त्या काळच्या अरबांची नेहमीची रीत होती. तेथे ‘आमच्याकडे असेच बोलतात’ ही सबब चालली नाही.

फिक्हने यातील काही शब्दांना तर गुन्ह्याच्या पंक्तीत बसविले आहे. सूरह नूरच्या चौथ्या आयतीत चारित्र्यवान स्त्रीवर चार साक्षीदारांविना व्यभिचाराचा आरोप करणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा आहे, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी स्वीकारू नये असा आदेश आहे. यालाच कज्फ म्हणतात. हनफी ग्रंथांत याचे उदाहरण म्हणून एखाद्याला ‘व्यभिचारिणीच्या मुला’ असे संबोधणे दिले आहे. आपल्या बाजारात, बसथांब्यावर, क्रिकेटच्या मैदानात जे शब्द ऐकू येतात त्यांतील किती या अर्थाचे आहेत, ते वाचकांनी मनातच मोजावे. सर्व शिव्या कज्फ ठरत नाहीत. काहींत आरोप नसून नुसती किळसवाणी धमकी असते. तसेच ही शिक्षा देणे हे इस्लामी न्यायालयाचे काम, कोणा व्यक्तीचे वा जमातीचे नव्हे, आणि आपल्या देशात तो प्रश्नच उद्भवत नाही. परंतु ज्या शब्दाला शरीअतने एवढे वजन दिले, तो चेंडू हुकला म्हणून तोंडातून निघावा, हे कसे?

मराठीचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘आयला’ आणि ‘च्यायला’ हे उद्गार आपल्या मुलांच्या, आणि खरे बोलायचे तर आपल्याही, तोंडी सहज असतात. ‘तुझ्या आईला’ या अर्धवट सोडलेल्या शिवीचे ते झिजलेले तुकडे आहेत. आज ते नुसते आश्चर्य दाखवितात, म्हणून त्यांना मी शिवी म्हणणार नाही. इमाम गजालींच्या मोजपट्टीत ते खालच्या पायरीवर येतील. पण मूळ कळल्यावर ते तोंडात ठेवावेसे वाटत नाहीत, हा माझा अनुभव आहे. ‘साला’चेही तसेच, नाते पवित्र, पण शिवी म्हणून वापरताना रोख समोरच्याच्या बहिणीवर असतो. आणि ‘हरामी’! हलाल-हरामची मर्यादा दाखविणारा शब्द आपण कोणाच्या तरी जन्मावर चिखल फेकण्यासाठी वापरतो.

घरातील माता-भगिनींनाही एक विनंती आहे. ‘मेल्या’ला मी मायेचा शब्द म्हटले. पण रागात “तुझं वाटोळं होवो”, “मरत का नाहीस एकदाचा” असे निघते तेव्हा ती माया नसते. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये स्वतःविरुद्ध, स्वतःच्या मुलांविरुद्ध आणि मालमत्तेविरुद्ध बददुआ करण्यास मनाई आहे, न जाणो, ती घडी दुआ कबूल होण्याची असावी. यातही पुन्हा उर्फ आणि मन या दोन्हींचा विचार आहे : तोच शब्द हसत निघाला की वेगळा, दात खात निघाला की वेगळा.

मुलांचा शेवटचा प्रश्न व्यावहारिक होता. समोरच्याने आधी दिली तर? आणि आपल्या धर्मालाच दिली तर? आपल्या भागाने तणावाचे दिवस पाहिले आहेत, आणि मोबाईलवर उत्तर टंकायला क्षण पुरतो, म्हणून हे मोकळेपणाने बोलणे भाग आहे. काही यहुदी पैगंबर (स.) यांच्याकडे आले आणि ‘अस्सलामु’च्या जागी ‘अस्सामु’, म्हणजे ‘तुम्हाला मरण येवो’, असे म्हणाले. हजरत आयशा (रजि.) यांनी संतापून मरणासोबत लानतही परत केली. आपण (स.) त्यांना म्हणाले, आयशा, सबुरीने घे, अल्लाहला प्रत्येक बाबतीत सौम्यता प्रिय आहे. मी काय उत्तर दिले ते ऐकले नाहीस काय? त्यांनी केवळ ‘व अलैकुम’, ‘तुम्हालाही’, एवढेच म्हटले होते. शिवी नव्हती, लाचारीही नव्हती. आणि सूरह अनआमच्या १०८व्या आयतीत इतरांच्या आराध्यांना शिवी देण्यास स्पष्ट मनाई आहे. नाहीतर ते अज्ञानाने अल्लाहविषयी अपशब्द काढतील. आई-बापांविषयीच्या हदीसमधील तर्कच येथे आहे.

ज्याच्या तोंडून शिवी निघून गेली आहे त्याने तौबा करावी, पण तेवढ्याने भागत नाही, कारण हा बंद्यांचा हक्क आहे. कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येणारा एक जण दिवाळखोर ठरेल, असे हदीसमध्ये आहे. त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर तोहमत ठेवली असेल, आणि त्याची पुण्याई त्या लोकांत वाटली जाईल. म्हणून ज्याला शिवी दिली त्याची माफी मागावी. त्याच्या आईच्या कानावर ती गेली असेल तर तिचीही. तिला ठाऊकच नसेल, तर सांगून नवे दुःख देऊ नये. तिच्यासाठी दुआ करावी आणि जेथे तिचे नाव खराब केले तेथेच तिच्याविषयी चांगले बोलावे, असा अनेक उलमांचा सल्ला आहे.

पुढच्या जुम्याला तो मुलगा नमाजनंतर थांबला. ज्या मित्राला तो रोज ‘तसे’ बोलत असे, त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली आहे, असे त्याने सांगितले. आता माफी कोणाची मागायची, हे त्याला विचारायचे होते. आम्ही दोघे तेथेच बसलो आणि त्या माउलीसाठी फातिहा पढलो.