मोटारीचा दिवा : प्रकाश किती आणि कोठे?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा नावाचे गाव आहे. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीला जाताना ते लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. धान कापून झाल्यावरही बांध्यांत ओल टिकते आणि त्या ओलीवर लाखोळीचे पीक येते. डिसेंबर-जानेवारीत रात्री आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो. जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडून देते, तिला टेकलेली दमट हवा थंड होते, आणि तिचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हेच धुके. पहाटे शिकवणीला सायकलवर निघालेला विद्यार्थी, तणस भरलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेली बैलबंडी आणि भंडाऱ्याकडे निघालेली मोटार यांची गाठ अशाच वेळी पडते.

मोटारीच्या मालकाला वाटते, आपल्या गाडीचा दिवाच कमी पडतो. मग तो शहरात जाऊन जास्त वॅटचे बल्ब, पांढरेशुभ्र एलईडी किंवा प्रोजेक्टर दिवे बसवून घेतो. दुकानदार समोरच्या भिंतीवर झोत पाडून दाखवतो, भिंत लखलखते आणि मालक खूश होतो. पण भिंत म्हणजे रस्ता नव्हे. रस्त्यावर समोरून माणसे येत असतात. म्हणून दिवा प्रकाश किती देतो याइतकेच तो प्रकाश कोठे देत नाही हेही पाहावे लागते. ते कसे साधतात, हे समजण्यासाठी तुम्हांला शाळेत शिकलेले आरसे आणि भिंगे पुरेशी आहेत.

आधी नेहमीचा दिवा घेऊ. त्यात तारेचा बल्ब आणि त्याच्या मागे एक खोलगट आरसा असतो. हा आरसा अन्वस्ताच्या आकाराचा असतो. अन्वस्ताचा गुण असा, की त्याच्या नाभीपाशी ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर एकमेकांस समांतर निघतात. दूरवर जाणारा झोत, ज्याला चालक ‘अप्पर’ म्हणतात, तो असा मिळतो. पण समोरून गाडी आली की ‘डिपर’ द्यावा लागतो. त्यासाठी एच-४ जातीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ही वाटी खालच्या बाजूचे किरण अडवते. त्यामुळे आरशाचा फक्त वरचा भाग उजळतो, आणि तेथून परतणारे किरण खाली रस्त्याकडे वळतात. जुना निकामी बल्ब मिळाला तर ती वाटी जरूर पाहा. मात्र काच फोडू नका, आतला वायू दाबाखाली असतो.

आता कल्पना करा, की याच आरशात कोणी एलईडीचा बल्ब खोचला. मूळ तार म्हणजे काही मिलिमीटर लांबीची गोल, चहूबाजूंनी प्रकाशणारी बारीक काडी. एलईडी म्हणजे एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले चपटे तुकडे. आरशाचा प्रत्येक भाग तारेची जागा आणि आकार गृहीत धरून घडवलेला आहे. प्रकाशाचा उगम एक-दोन मिलिमीटर सरकला तरी हिशेब चुकतो आणि काही किरण रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातात. असा बल्ब कंपनीने कितीही नावाजलेला असो, चूक त्याच्या दर्जाची नसून जोडीची आहे.

प्रोजेक्टर दिव्याची युक्ती वेगळी. त्यातील आरसा लंबवर्तुळाच्या जातीचा असतो. दोन टाचण्या आणि दोऱ्याचे एक कडे घेऊन तुम्ही लंबवर्तुळ काढले असेल. त्या दोन टाचण्या म्हणजे त्याच्या दोन नाभी. एका नाभीतून निघालेला किरण आरशावर कोठेही आपटला तरी दुसऱ्या नाभीकडेच जातो. म्हणून पहिल्या नाभीपाशी बल्ब ठेवला की सारा प्रकाश दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. तेथे धातूची एक पातळ आडपट्टी उभी केलेली असते, आणि तिच्या पुढे जाड बहिर्गोल भिंग. पट्टी भिंगाच्या नाभीय अंतरावर असल्याने तिच्या कडेची स्पष्ट प्रतिमा दूर रस्त्यावर पडते. सिनेमाच्या यंत्रात चित्रफितीची प्रतिमा पडद्यावर पडते, तसेच हे आहे. प्रोजेक्टर हे नाव उगीच पडलेले नाही.

येथे एक गंमत आहे. झोताचा वरचा भाग कापायचा आहे, मग पट्टी वर लावायला हवी ना? प्रत्यक्षात ती खाली लावलेली असते. कारण बहिर्गोल भिंगाने पडणारी प्रतिमा उलटी असते.

करून पाहा

एक टॉर्च, एक भिंग आणि जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा घ्या. प्रथम भिंगाने दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून त्याचे नाभीय अंतर मोजा. समजा ते १० सें.मी. आले. खोलीत अंधार करून भिंतीपासून ३ मीटरवर टॉर्च ठेवा. कार्डाची सरळ कड वर ठेवून टॉर्चच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग झाका. कार्डापासून १० सें.मी. पेक्षा किंचित अधिक अंतरावर भिंग धरून पुढेमागे सरकवा. भिंतीवरच्या उजेडाचा वरचा भाग काळा होईल आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसेल. आता भिंग दोन सें.मी. पुढे न्या. कड विरघळते. कड नीट जुळवल्यावर तिच्याकडे बारकाईने पाहा. तिला रंगीत किनार दिसेल, कारण एकटे भिंग लोलकाप्रमाणे रंग वेगळे करते. प्रोजेक्टर दिव्यांची गाडी खड्ड्यातून गेली की तिचा दिवा क्षणभर निळसर चमकतो, तो याच किनारीमुळे.

मग कार्डाच्या डाव्या बाजूची कड कात्रीने थोडी खाली कापा आणि पुन्हा पाहा. कार्ड डावीकडे ठेंगणे, पण भिंतीवर प्रकाश उंच चढतो तो उजवीकडे. म्हणजे प्रतिमा डावी-उजवीही उलटते.

ही पायरी नुसती मौज नाही. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून आपल्या डिपरची कड उजवीकडे, समोरच्या वाहनाच्या बाजूस खाली ठेवतात आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेस वर चढवतात. पादचारी, मैलाचे दगड, बंडीचे चाक त्या चढत्या उजेडात आधी दिसते. अमेरिका, चीन आणि युरोपातील बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा त्यांच्या दिव्यांची कड उजवीकडे चढते. तिकडच्या वाहतुकीसाठी बनवलेला प्रोजेक्टर येथे बसवला तर चढता उजेड नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडतो. हजारो रुपये मोजूनही मालकाला हे कळत नाही, कारण त्याला स्वतःला उत्तम दिसत असते!

चकाकी बसते म्हणजे काय होते? डोळ्याची बाहुली झटकन आकसते, पण पुन्हा विस्फारायला तिला वेळ लागतो. शिवाय तीव्र प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा येतो. वय वाढेल तसा हा पडदा दाट होतो. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद दिसले नाही तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने काटला जातो.

धुक्यात अप्पर का चालत नाही?

धुक्यात चालकाचा हात आपोआप अप्परकडे जातो, आणि दिसायचे आणखी कमी होते. धुक्याच्या थेंबांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, काही उलट चालकाकडेच येतो. त्याच्या नजरेच्या रेषेत जितके थेंब उजळतील तितकी समोरची पांढरी भिंत जाड. म्हणून खरा फॉगलाइट बंपरमध्ये, जमिनीजवळ बसवतात. त्याचा झोत रुंद, बुटका आणि वरून सपाट कापलेला असतो. चालक वरच्या, न उजळलेल्या थेंबांतून पाहतो आणि उजेड खालून जाऊन रस्त्याच्या कडा व पट्टे दाखवतो. धुके जमिनीपासून वर उचललेले असते आणि फॉगलाइट त्याखालून जातो, असे पुष्कळ जण सांगतात. आपल्याकडचे हिवाळी धुके तर जमिनीलाच बिलगून असते. फॉगलाइटचे यश धुक्याखालून जाण्यात नसून उजळलेला भाग नजरेच्या रेषेपासून दूर ठेवण्यात आहे. छपराला टांगलेले ‘फॉगलाइट’ त्यामुळे नावालाच फॉगलाइट.

दुसरा समज पिवळ्या प्रकाशाचा. निळा प्रकाश अधिक विखुरतो म्हणून आकाश निळे दिसते. तेव्हा पिवळा प्रकाश धुके भेदून जाईल, असा तर्क केला जातो. पण आकाशात प्रकाश विखुरतात ते हवेचे रेणू, प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते, आणि धुक्याचे थेंब साधारण १० मायक्रोमीटरच्या घरात, म्हणजे तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. इतके मोठे थेंब सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. उदबत्तीच्या टोकाशी निघणारा बारीक धूर काळ्या पाटीसमोर निळसर दिसतो, चहाची वाफ मात्र पांढरी दिसते. फरक कणांच्या आकाराचा. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकात पिवळे हेडलाइट सक्तीचे झाले आणि १९९३ पर्यंत तो नियम टिकला. पिवळ्या प्रकाशाचा एवढा गुण खरा, की निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा तो डोळ्यांना कमी खुपतो. धुके मात्र तो भेदत नाही.

आणि कोणताही दिवा धुके नाहीसे करीत नाही. २० मीटरवरचे दिसत असेल, तर २० मीटरच्या आत थांबता येईल अशाच वेगाने जावे लागते. चालकाला भान येण्यास दीड सेकंद आणि ब्रेकने दर सेकंदाला सेकंदास ५ मीटर मंदन धरले, तर ताशी २५ कि.मी. वेगाला सुमारे १५ मीटर लागतात. ताशी ६० ला किती लागतील ते तुम्ही काढा. उत्तर ५० मीटरच्या पुढे आले पाहिजे.

आता विजेचा हिशेब. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॅटचा ८.३. तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारांत ती तिप्पटीहून अधिक होते. स्विच जळणे, होल्डर वितळणे, आरशाचा मुलामा काळवंडणे हे त्याचे परिणाम. जाणता कारागीर बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, फ्यूज आणि रिले घालतो. मग स्विचमधून केवळ रिले चालवण्यापुरता प्रवाह जातो. उलट, गंजलेल्या जोडामुळे बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर तारेच्या बल्बचा प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. हेडलाइटची पुढची काच हल्ली पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हाने पिवळी, धुरकट पडते. जोड खरवडून साफ केले आणि काचेला पॉलिश केले, तर पुष्कळ गाड्यांचा ‘कमी पडणारा’ दिवा आपोआप पुरा पडतो. हे काम स्वस्त असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत वाहनांची आणि त्यांच्या भागांची तपासणी होते. दिव्याचा झोत कोणत्या बिंदूवर किती तीव्र असावा आणि कोणत्या बिंदूवर किती तीव्र नसावा, दोन्हीच्या मर्यादा मानकांत दिलेल्या असतात. हेडलाइट तापवून उघडायचा, आत परका प्रोजेक्टर बसवून पुन्हा चिकटवायचा, हे काम कितीही सफाईने केले तरी तो दिवा त्या परीक्षेतून गेलेला नसतो. त्याच मॉडेलसाठी कारखान्याने बनवलेले आणि बंपरमध्ये ज्यांची जागा आधीच ठेवलेली आहे असे फॉगलाइट घेणे अधिक निर्धोक.

शाळेच्या भिंतीवर मोजणी

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग शाळेत करता येईल. सपाट जागी मोटार भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. समजा ती ७० सें.मी. आहे. दिवा दर मीटरला १ सें.मी. उतरेल असा लावलेला असेल, तर डिपरची कड रेघेच्या १० सें.मी. खाली दिसेल आणि रस्त्यावर ती ७० मीटरवर जमिनीला टेकेल.

मागच्या आसनावर तिघे बसवा आणि डिकीत धानाची पोती टाका. गाडीचा मागचा भाग दबतो, नाक वर होते. ते केवळ १ अंशाने वर गेले तरी कड दर मीटरला १.७५ सें.मी. वर सरकते, म्हणजे उतरण्याऐवजी आता ती दर मीटरला पाऊण सें.मी. चढते. भिंतीवर ती रेघेच्या ७.५ सें.मी. वर दिसेल. ६० मीटर पुढे तिची उंची ११५ सें.मी. होईल, आणि समोरच्या लहान मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे जवळपास तेवढ्याच उंचीवर असतात. आपल्या मोजणीत किती अंश आले ते वहीत लिहा. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० पासून ३ पर्यंत आकडे असलेले एक छोटे चक्र असते. ते कशासाठी आहे, हे अनेक चालकांना ठाऊक नसते. ओझे वाढेल तसा आकडा वाढवायचा, म्हणजे दिवे तितके खाली झुकतात. पोती आणि माणसे तशीच ठेवून ते चक्र फिरवा, आणि कड खडूच्या रेघेखाली कोणत्या आकड्याला येते ते पाहा.