आजचं चिंतन : अहल्या, कोरडी पडलेली नदी



आजचं वाचन : ब्रह्मपुराण, गौतमी माहात्म्य, अध्याय 87. सोबत वाल्मीकी रामायण, बालकांड, सर्ग 48 व 49.

आपण त्र्यंबकेश्वरचे लोक गौतम ऋषींना घरचेच मानतो. ब्रह्मगिरीवर त्यांनी तप केलं, गोदावरी आणली, म्हणून ती गौतमी. पण त्यांच्या घरातली अहल्या आपल्याला आठवते ती फक्त शिळा म्हणून. पाय लागला, उद्धार झाला, कथा संपली.

वाल्मीकींच्या बालकांडात मात्र ती शिळा होत नाही. ती त्याच आश्रमात, राखेत, कुणालाही न दिसता वर्षानुवर्षं राहते. आणि राम-लक्ष्मण येतात तेव्हा तेच तिचे पाय धरतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ थांबलो होतो. बालकांड म्हणतं, तिने इंद्राला ओळखलं होतं. उत्तरकांडात ती सांगते की मी फसवली गेले. ब्रह्मपुराणातही इंद्र गौतमांचं रूप घेऊन येतो. रागाच्या भरात गौतम शाप देतात : कोरडी नदी हो. ती खरं काय ते सांगते, रक्षकही साक्ष देतात. मग गौतम म्हणतात, गौतमीला मिळशील तेव्हा तुझं रूप परत येईल.

मला यात दोन गोष्टी दिसतात. जिच्यावर अन्याय झाला, शिक्षाही तिलाच. आणि कोरडी नदी एकटी वाहू लागत नाही. तिला वाहतं पाणी मिळावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात हे पाणी कुणी दिलं? काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्याने तिला फसवलं, मूल झालं, लोकलाजेने तिने ते मारलं आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणाऱ्याला काही नाही. त्यानंतर 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात स्वतःच्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. 1884 च्या निवेदनात जोतीराव लिहितात की तोवर 35 विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत या जोडप्याने दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. म्हणजे एका रात्रीचा आसरा देऊन ते थांबले नाहीत, आयुष्य उभं राहीपर्यंत सोबत राहिले. 1875 मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असंच गृह पंढरपुरात, थेट विठोबाच्या गावात काढलं.

आज काय आहे? सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पीडितेला पोलीस, वकील, डॉक्टर एका जागी मिळतात, पण मुक्काम साधारण 5 दिवसांचा. स्वाधारगृहाच्या नियमांत कौटुंबिक हिंसाचारातल्या स्त्रीला 1 वर्ष, इतरांना 3 वर्षांपर्यंत मुभा होती; आता त्याच धर्तीवर शक्ती सदन आहे. बालगृहातली मुलगी 18 ची झाली की बाहेर. पुढे 21 पर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. पण अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर ही मुदत संपल्यावर ती जाणार कुठे? खटला चालू, शिक्षण अर्धं, रात्री झोप नाही. तिला सुटका एका दिवसात मिळते. सावरायला मात्र वर्षं लागतात.

आणि नुसतं छप्पर पुरत नाही. 2022 मध्ये आपल्या नाशकातच मुलींच्या एका आश्रमाच्या संचालकालाच लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे पहिला धडा हाच : सगळ्या चाव्या एका माणसाच्या हातात द्यायच्या नाहीत. आश्रमालाही तेच लागू. नोंदणी आहे का, बालकल्याण समितीला मुलींची माहिती आहे का, बाहेरचं कुणी येऊन मुलींशी एकट्याने बोलतं का, हे विचारणं म्हणजे अश्रद्धा नव्हे. उलट तीच सेवा आहे.

आपल्या गावात अन्नदानाला कधी कमी पडत नाही. दान देताना आज एवढं करू या :

1. वाढदिवसाच्या एका जेवणाऐवजी नोंदणीकृत गृहातल्या एका मुलीच्या शिक्षणाचा किंवा खोलीभाड्याचा वर्षभराचा भार विचारून उचलू या.
2. तिची कहाणी विचारायची नाही, फोटो काढायचा नाही. अहल्या कुणाला दिसत नव्हती तो शाप होता; या मुलींची ओळख झाकणं हे मात्र रक्षण आहे.
3. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे नंबर घरात सगळ्यांना पाठ हवेत.

आजची प्रार्थना : हे त्र्यंबकराजा, जिथे कुणी कोरडी पडली असेल तिथे आम्हाला तिचा न्याय करायला पाठवू नकोस. तिला पुन्हा वाहता येईल इतका काळ तिच्यासोबत थांबण्याचा धीर दे.

राम कृष्ण हरी.