मानवतावाद : कागद वाचू लागलेला माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

‘मानवतावाद’ हा शब्द आपण सर्वजण सर्रास वापरतो. निबंधात, वक्तृत्व स्पर्धेत, निरोप समारंभाच्या भाषणात तो हमखास येतो आणि दया, परोपकार एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. मीही तोच घेत होते. यंदा सरांनी युरोपातील प्रबोधनकाळ शिकवला तेव्हा कळले, की या विचाराचा उगम दयेपेक्षा वाचनात अधिक आहे. तेवढाच धागा धरून चार शब्द लिहीत आहे.

इटालियन कवी पेत्रार्क (१३०४–१३७४) याला जुन्या रोमन हस्तलिखितांचा ध्यास होता. १३४५ साली व्हेरोना येथे त्याला सिसेरोची पत्रे सापडली. ज्याला तो आदर्श पंडित समजत होता, तो या पत्रांत राजकारणात अडकलेला, चुकणारा, काळजीने व्याकूळ होणारा माणूस निघाला. पेत्रार्क श्रद्धावान ख्रिस्ती होता. तेव्हा मानवतावाद म्हणजे देव नाकारणे, हा समज निदान आरंभकाळापुरता तरी खरा नाही. पुढे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र या पाच विषयांना मिळून ‘मानव्यविद्या’ अशा अर्थाचे लॅटिन नाव पडले. आपल्या कला शाखेची वंशावळ येथवर जाऊन पोचते.

या विद्येचे सामर्थ्य दिसले ते १४४० साली. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पोप सिल्व्हेस्टरला रोम आणि पश्चिमेकडील साम्राज्य दान दिले, असे सांगणारे एक दानपत्र होते. राजांवरील हक्क सांगण्यासाठी पोपच्या बाजूने ते शतकानुशतके पुढे केले जाई. लोरेन्झो व्हाल्ला या पंडिताने ते शब्दन् शब्द तपासले. त्यात रोमच्या अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ म्हटले होते. हा शब्द मूळचा इराणी, आपल्या इतिहासातील ‘क्षत्रप’चा भाऊ, कॉन्स्टंटाइनच्या रोममधील अधिकाऱ्यांना तो कोणी लावीत नसे. ज्या नगराला अजून ते नावही मिळाले नव्हते, त्या कॉन्स्टँटिनोपलचा उल्लेखही त्यात होता. भाषाच सांगत होती, की कागद बनावट आहे. आज तो आठव्या शतकातील मानला जातो. व्हाल्लाचा आश्रयदाता, नेपल्सचा राजा अल्फोन्सो, याचे पोपशी वैर होते हे खरे. पण लिहिणाऱ्याचा हेतू कोणताही असो, पुरावा पुराव्याच्या जागी राहतोच.

हा भाग वाचताना मला आमच्या घरातील पत्र्याची ट्रंक आठवली. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजोबांना अक्षरओळख नाही. आत्याच्या लग्नासाठी त्यांनी कर्ज काढले आणि गहाणखत समजून एका कागदावर अंगठा उठवला. विहिरीजवळची दोन एकर जमीन त्यात गेली. तो कागद ट्रंकेत जपून ठेवलेला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘कायमची खरेदी’ हे शब्द आले तेव्हा त्यांनी मला थांबवले. म्हणाले, “पोरी, असंच लिव्हलंय व्हय? परत वाच.” मी परत वाचले. ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

येथे मला प्रबोधनकाळाची मर्यादाही जाणवते. व्हाल्ला लॅटिनमध्ये लिहीत होता. त्याचे वाचक दरबारी आणि पंडित होते. त्याच्या ग्रंथानंतर चारच वर्षांनी, १४४४ साली, पोर्तुगालमधील लागोस येथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे विकली गेली. ‘मानव’ या शब्दात कोण कोण येतो, हा प्रश्न मोकळाच राहिला होता.

तो प्रश्न आपल्याकडे रोखठोकपणे विचारला महात्मा जोतीराव फुले यांनी. थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१) त्यांनी तरुणपणीच वाचला होता. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. लागोसच्या बाजारात जो माणूस मोजला गेला नव्हता, तो येथे मोजला गेला.

दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या हाती तो जाळण्यावाचून दुसरे काय उरते? १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. जोतीरावांनी मात्र १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली ती बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची. निदान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करावे, असे त्यांनी सांगितले. जाळलेला रोखा पुन्हा लिहिता येतो. शिकलेले अक्षर कोणाला काढून घेता येत नाही.

शिक्षणाने सर्व काही सुटते, असे मात्र मी म्हणणार नाही. व्हाल्लाच्या निबंधाने पोपची राजसत्ता कोसळली नाही. रोम तिच्या हातून गेले ते १८७० साली. आजोबांची जमीनही परत आलेली नाही. पण यापुढे आमच्या घरात न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा उठणार नाही. मानवतावादाचा समाजावर काय परिणाम झाला, असा प्रश्न परीक्षेत आला तर मी पुस्तकातील मुद्दे क्रमाने लिहीनच. पण मनातले पहिले उत्तर हेच असेल.