गिझरला गॅस जोडायचाय? आधी जागा बघा

वर्षभराच्या सरपणासाठी पऱ्हाटीचे भारे मागच्या अंगणात रचून ठेवायचे आणि थंडीच्या दिवसांत त्यावरच आंघोळीच्या पाण्याचा गंज चढवायचा, ही रीत यवतमाळ जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत अजून चालू आहे. पण दारव्हा, पुसद, वणी अशा गावांतल्या नव्या घरांत आता गॅसचा गिझर आला आहे. चूल उघड्यावर होती, तिचा धूर आभाळात जायचा. गिझर मात्र आपण न्हाणीत, दार लावल्यावर जिथे वाराही शिरत नाही तिथे टांगतो. माणसं दगावतात ती यामुळेच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी जागा ठरवा. गिझर न्हाणीच्या बाहेर, मागच्या अंगणाच्या किंवा उघड्या व्हरांड्याच्या भिंतीवर बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यायचा. वर पावसापासून आडोसा हवा, समोर मोकळी हवा हवी. ज्योत दिसण्याची छोटी काच आपल्या डोळ्यांच्या उंचीला आली की बरं पडतं.

यावर मी एवढा अडून का बसतो, त्याचा हिशोब सांगतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला जवळपास दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीत सगळी मिळून साडेपाच घनमीटरच्या आसपास हवा असते. म्हणजे एका आंघोळीत तिसऱ्या हिश्शाएवढी हवा ज्योतीला लागते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आतला माणूस आधी गरगरतो, मग काही कळायच्या आत कोसळतो. कधी झटके येतात आणि घरच्यांना फिट आल्यासारखं वाटतं. डॉक्टर मंडळींनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच दिलंय. एक्झॉस्ट पंखा किंवा झरोका आहे म्हणून गिझर आत चालेल, हे मला मान्य नाही. पंखा लावायचा राहून जातो, आणि थंडीत झरोक्यात कापड कोंबलं जातं.

जागा ठरली की गॅसची जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. पुढचं सगळं, तो काम करत असताना शेजारी उभं राहून बघायचं आहे.

गिझरवरच्या पट्टीवर आयएसआय खूण आणि ‘एलपीजी’ हे शब्द वाचा. नळाने येणाऱ्या गॅससाठी बनवलेला गिझर सिलिंडरवर चालवायचा नाही. सिलिंडर सपाट जागेवर, उभाच ठेवायचा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून सिलिंडरजवळ नाली, खड्डा किंवा पाण्याच्या टाक्याचं तोंड नको, आणि जवळपास चूलही नको. सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर तपासणीची मुदत असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. मुदत संपलेला सिलिंडर परत करा. टोपण काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबरी रिंग आहे ना, ती चिरलेली नाही ना, हेही बघून घ्या.

रेग्युलेटर घरगुती, एजन्सीने दिलेलाच वापरा. हॉटेलच्या भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर इथे चालत नाही. नळी आयएसआय खुणेची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी हवी. तिच्यावर छापलेली मुदत वाचा. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. सिलिंडर गिझरच्या थेट खाली न ठेवता जरा बाजूला ठेवला तरी तेवढी पुरते. नळी भिंतीतून आरपार नेऊ नये, कारण आत ती चिरली तर दिसणार नाही. स्वयंपाकाच्या शेगडीच्या नळीला टी जोडून त्यातून गिझरला फाटाही काढायचा नाही. दोन्ही टोकांना नळी नॉझलवर पूर्ण चढली पाहिजे आणि त्यावर क्लिप आवळलेली पाहिजे. नळी सैल पडावी म्हणून मेकॅनिक तिचं टोक पेटत्या काडीवर धरू लागला तर थांबवा. तापवलेलं रबर पुढे तडकतं.

पाण्याची बाजू सोपी आहे, पण दाब बघावा लागतो. गिझर पाण्याच्या दाबावर पेटतो. स्लॅबवरची टाकी गिझरपासून अडीच-तीन मीटर तरी वर नसेल तर तो पेटतच नाही. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळी असते, तीत क्षार आणि गाळ अडकतो, ती दोन-तीन महिन्यांनी धुवा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप लावू नका, सीपीव्हीसी किंवा जीआय लावा.

आता गळतीची तपासणी. शेगडी, उदबत्ती, देवघरातला दिवा, सगळं विझवा. गिझरचा नळ बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा. भांड्याच्या साबणाचा दाट फेस ब्रशने चार ठिकाणी लावा: व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांवर, गिझरच्या गॅस तोंडावर. मिनिटभर नजर हलवू नका. बुडबुडे फुगले तर आधी रेग्युलेटर बंद करा, मग सांधा घट्ट करा, आणि तपासणी पहिल्यापासून करा. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजून आहेत. त्यांना हात धरून थांबवा.

सांधे कोरडे राहिले की पाणी सोडा. टिकटिक होऊन ज्योत पेटेल. ती निळी हवी. पिवळी लवलवत असेल किंवा काजळी धरत असेल तर गिझर बंद करून मेकॅनिकला दाखवा. नळ बंद करताच ज्योत विझली पाहिजे. असं चार-पाच वेळा करून बघा.

साबणाच्या फेसाने कळते ती न जळालेल्या गॅसची गळती. ती नाकालाही कळते, कारण त्यात उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. जळालेल्या गॅसमधलं विष फेसालाही कळत नाही, नाकालाही नाही. त्यासाठीच गिझर बाहेर.

रोज शेवटची आंघोळ झाली की रेग्युलेटर बंद करा. वास आला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि तिथून १९०६ वर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. आणि ज्यांच्या घरी गिझर अजून आत आहे त्यांनी तो बाहेर येईपर्यंत पाणी बादलीत भरून, गिझर बंद करून मगच दार लावावं. कोणी आत पडलंच तर दार तोडून आधी मोकळ्या हवेत आणा, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की न्हाणीत गॅसचा गिझर चालू होता.